ताईला वेचणीच्या टोळीत न्यायचं कसं?

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. चार वर्षांपूर्वी सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. गोळ्या नियमित चालू आहेत, दीड वर्षात भास नाहीत. पण दिवसभर ओसरीवर बसून असते. बाया कापूस वेचायला जाताना तिला हाक मारत नाहीत, बचत गटानंही टाळलं. गावात जनजागृतीचा कार्यक्रम ठेवावा का?
— एक भाऊ, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, कार्यक्रम राहू द्या. भाषणाला बाया माना डोलावतील आणि दुसऱ्या दिवशी ताईकडे आणखी निरखून पाहतील. तिला आधी काम द्या. त्यातही कापूसवेचणीच बरी, कारण मजुरी किलोमागे असते. ताईनं बारा किलो वेचला तर बाराचेच पैसे, बाकीच्यांचं काही जात नाही. सोयाबीनची सोंगणी गुत्त्यानं, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरावीक रकमेत घेतलेली असते. तिथं एकीचा हात हळू चालला की सगळ्यांची मजुरी पडते, आणि तिथूनच कुरबुर सुरू होते.

पहिला आठवडा स्वतःच्या किंवा नात्यातल्या शेतात, ओळखीच्या दोघींसोबत, जेवणाच्या सुट्टीपर्यंतच. तुम्ही बांधावर राखण करत बसू नका. तिचं गाठोडं वेगळं तोला आणि पैसे तिच्याच हातात द्या. तुमच्या हातात दिले की टोळीच्या लेखी ती मजूर राहत नाही, तुमची जबाबदारी होते.

मुकादमीणबाईला काय सांगायचं ते आधी ताईला विचारून ठरवा. आजाराची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिला दिलेला हक्क आहे. एवढं पुरे : रोज रात्री गोळी असते, हात हळू चालतो, गप्प झाली तर दहा मिनिटं झाडाखाली बसू द्या, ओरडू नका. ओसरीवर बसून राहणं हा आळस नव्हे. उमेद आटणं हा या आजाराचाच भाग आहे आणि गोळ्यांनी तो भास जितका कमी होतो तितका होत नाही. टोमण्यांनी मात्र आजार उलटतो.

सकाळी सुस्ती राहत असेल तर रात्रीची गोळी आठ-साडेआठला घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वेचणीच्या दिवसांत ‘झोप येते’ म्हणून गोळी चुकवणं, ही चूक सर्रास होते. दोन रात्री झोप नाही, आंघोळ सोडली, एकटीच पुटपुटते असं दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं.

बचत गटाची खरी भीती वेगळीच असते : ‘हिचं कर्ज कोण फेडणार?’ ती तुम्हीच काढून टाका. पहिले सहा महिने फक्त बचत, कर्ज नाही. वेचणी संपल्यावर ओसरी पुन्हा सुरू होते, म्हणून गटाची बैठक आणि हरभऱ्याची सोंगणी आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : नवरा लिथियमवर (उन्माद आणि उदासी आलटून-पालटून येणाऱ्या आजारावरची गोळी) आहे. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे. सासूबाई म्हणतात, ‘त्याले घरीच ठेव.’ नेऊ का?
— वर्धा जिल्हा

उत्तर : न्या, ताई. घरच्या लग्नात घरचा माणूस दिसला नाही की गाव त्याचे दोन अर्थ काढतं. पण वर्ध्याच्या उन्हात घाम फार जातो. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साचतं. पाणी सोबत ठेवा, जेवणातलं मीठ अचानक कमी करू नका. डोकं दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्यांनीही लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, उलटी-जुलाब, झोक जाणं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालयात न्या आणि लिथियमची रक्ततपासणी मागा. एरवीची नेहमीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात. जागरण टाळा, एका रात्रीची झोप गेली तरी उन्माद उसळू शकतो. हळद बघून दहाला झोपायला घरी आणा. ‘थोडीशी घे ना’ म्हणणारे मेव्हणे मात्र आधीच गाठून ठेवा.