दोनदा काढलेला शिकाऊ परवाना

“मॅडम, मी त्याला दोन वेळा शिकाऊ परवाना काढून दिला. दोन्ही वेळा सहा महिन्यांची मुदत उलटून गेली, पण हा काही स्टिअरिंगला हात लावायला तयार नाही. 26 वर्षांचा झाला आता. त्याच्यात काही कमी तर नाही ना?”

माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांनी पिंपरी-चिंचवडमधील एका वाहन कारखान्यात 33 वर्षे नोकरी केली होती आणि वर्षभरापूर्वी ते निवृत्त झाले होते. पत्नी आणि एकुलता एक मुलगा यांच्यासह ते कोथरूडला राहतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी उभी असते, ते स्वतः ती दर रविवारी पुसतात, आणि ती चालवायला आपल्यानंतर घरात कोणीही नाही ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. (कुटुंबाच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत अनेकदा आला आहे. मुलगा किंवा मुलगी चांगली शिकलेली असते, कमावती असते, मित्रमंडळीत रमणारी असते, पण चारचाकी शिकण्याचा विषय काढला की टाळाटाळ करते. आईवडील त्याचा अर्थ भित्रेपणा, आळस किंवा जबाबदारी नको असणे असा लावतात. मी अशा वेळी आधी गाडीबद्दल विचारतच नाही. झोप कशी आहे, कामावर नियमित जातो का, एकटा प्रवास करतो का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आजही आवडतात का, हे विचारते. या मुलाच्या बाबतीत सगळी उत्तरे समाधानकारक होती. तो मागच्याच वर्षी एकटा हिमाचलमध्ये ट्रेकला जाऊन आला होता. जो मुलगा खिंडी ओलांडून येतो, त्याला सरसकट भित्रा म्हणता येणार नाही, एवढे तरी वडिलांनी त्या दिवशी मान्य केले.

वडिलांना गाडीचे एवढे मोल का वाटते, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य झाले नसते. त्यांच्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले तेव्हा हे गृहस्थ पाचवीत होते, आणि स्कूटर दारात आली तेव्हा अकरावीत. त्या काळी स्कूटरच्या प्रतीक्षा याद्या वर्षानुवर्षे चालत असत. 1983 साली मारुती 800 रस्त्यावर आली तेव्हा ते कॉलेजात होते आणि ती गाडी पाहायला मित्रांबरोबर मुद्दाम पायी गेले होते. स्वतःची पहिली गाडी, तीही जुनी, त्यांनी 2004 मध्ये घेतली आणि तिची पूजा करून सगळ्यांना घेऊन ते थेट जेजुरीला गेले. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या बनवल्या आणि स्वतःची गाडी घ्यायला चाळिशी गाठली, त्याच्या दृष्टीने गाडी येणे म्हणजे घर वर येणे होते. मुलाने ती नाकारणे हे त्यांना आपल्या कष्टांना नाकारल्यासारखे वाटत होते, आणि हे त्यांनी मुलाला कधीही सांगितलेले नव्हते.

मुलगा दुसऱ्या आठवड्यात एकटा आला. त्याची मांडणी मला विचार करून केलेली वाटली. त्याचे कार्यालय कल्याणीनगर भागात आहे आणि मार्च 2024 मध्ये वनाझ ते रामवाडी ही मेट्रो मार्गिका पूर्ण झाल्यापासून तो घराजवळ मेट्रोत बसतो आणि कार्यालयाजवळ उतरतो. त्या वेळात तो वाचतो, कधी डुलकी काढतो. हेच अंतर गाडीने जायचे तर कर्वे रस्त्यापासून सुरू होणारी कोंडी, पुढे पूल आणि त्यानंतर पार्किंग शोधण्याचे काम, हे सगळे दिवसातून दोनदा. त्याने हिशेबही करून ठेवला होता. सात लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले तर महिन्याला साधारण 11,200 रुपये हप्ता, त्यावर विमा, देखभाल आणि शंभरी ओलांडलेले पेट्रोल. “एवढ्या पैशांत मी रोज रिक्षाने गेलो तरी पैसे उरतील,” तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता.

हा एकट्या पुण्यातल्या मुलाचा विचार नाही. जपानमध्ये तरुणांचे मोटारीपासून दुरावणे इतके बोलले गेले की त्याला ‘कुरुमा-बानारे’ असा स्वतंत्र शब्द रूढ झाला. अमेरिकेत तर सोळावे वर्ष लागणे आणि परवाना मिळणे हे जवळपास एकच मानले जाई. परंतु मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी सरकारी आकडे तपासले तेव्हा दिसले की 1983 मध्ये 16 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 46 टक्क्यांकडे परवाना होता आणि 2014 पर्यंत हे प्रमाण एक चतुर्थांशावर आले. विशीतल्या तरुणांमध्येही घट झालेली होती. परवाना का नाही असे विचारल्यावर सर्वाधिक लोकांनी वेळ नाही असे सांगितले, त्यानंतर गाडी ठेवण्याचा खर्च आणि त्यानंतर दुसऱ्या कोणाबरोबर तरी जाता येते हे कारण आले. माझ्यासमोरचा मुलगा जवळपास हेच बोलत होता.

मात्र भारतातील तरुणांनी गाडीकडे पाठ फिरवली, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये वाहनविक्री घसरलेली असताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी नव्या पिढीचा ओला, उबर आणि मेट्रोकडे असलेला कल हे त्यामागचे एक कारण सांगितले होते आणि त्यावर बराच वाद झाला होता. त्यानंतर 2023-24 या आर्थिक वर्षात देशात 42 लाखांहून अधिक प्रवासी वाहने विकली गेली. शिवाय आपल्याकडे शंभर घरांपैकी जेमतेम आठ घरांत चारचाकी आहे. उरलेल्या घरांतल्या तरुणांना गाडी नकोशी झाली की मिळतच नाही, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या गावात शेवटची एसटी संध्याकाळी सातला निघून जाते, तिथली मुलगी वाहन शिकायला नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणणे तिला परवडत नाही. नाही म्हणता येण्यासाठी आधी दुसरी सोय असावी लागते. पुण्या-मुंबईत ती सोय थोडीफार उभी राहिली आहे, म्हणून तिथल्या मुलांना ‘मला चालवायची नाही’ असे म्हणण्याची मुभा मिळाली आहे, असे मी वडिलांनाही नंतर सांगितले.

तरीही माझ्या मनात एक शंका राहिली होती. मेट्रो 2024 मध्ये पूर्ण झाली, परंतु पहिला शिकाऊ परवाना त्याच्याही चार वर्षे आधी काढलेला होता. मग त्या वेळी काय अडले? मी त्याला एवढेच विचारले की रस्ता पूर्ण रिकामा असेल, गाडी तुझी असेल आणि शेजारच्या सीटवर कोणीही नसेल, तर चालवशील का. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “शेजारी कोणी नसेल तर चालवेन.”

पहिल्या खेपेला वडिलांनी त्याला स्वतः शिकवायला घेतले होते. तिसऱ्या दिवशी एका चढावर गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजू लागले, हाफ क्लच जमेना आणि गाडी मागे सरकू लागली. वडिलांनी हँडब्रेक ओढला आणि ओरडले, “मागे माणूस आहे, मारशील त्याला!” मागे खरोखरच एक वृद्ध हातगाडीवाले उभे होते. त्यांना काहीही झाले नाही. घरी आल्यावर वडील तो प्रसंग विसरून गेले. मुलगा विसरला नाही. मे 2024 मध्ये कल्याणीनगरमध्ये भरधाव आलिशान मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. तेव्हा तो रोज त्याच भागात कामाला जात होता. त्याला मरणाची भीती वाटत नव्हती. आपल्या हातून कोणी मरेल, ही त्याची भीती होती.

ही भीती निराधार आहे असे मी त्याला म्हणाले नाही. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 या वयोगटातील होती. एवढ्या वजनाचे यंत्र आपण माणसांच्या गर्दीतून नेणार आहोत याची जाणीव ज्याला आहे, त्याच्या मनात मला दोष दिसत नाही. उलट, ती जाणीव अनेकांना उशिरा येते याचे दुःख वाटते. पण जाणीव वेगळी आणि ओझे वेगळे. त्याच्या निर्णयात साधारण तीन भाग विचारपूर्वक केलेली निवड होती आणि एक भाग त्या चढावर अडकलेला होता. तो एक भाग झाकण्यासाठी तो उरलेले तीन भाग पुढे करत होता, हे त्याने स्वतःच ओळखले आणि मोकळेपणाने सांगितले.

इथे एका वेगळ्या प्रकरणाचा उल्लेख आवश्यक वाटतो, कारण पालकांना या दोहोंतला फरक ओळखता यायला हवा. काही वर्षांपूर्वी नाशिकहून एक तरुणी माझ्याकडे आली होती. महामार्गावरच्या अपघातात ती मागच्या सीटवर होती. त्यानंतर चालवणे तर सोडाच, गाडीत बसले तरी तिचे हात थंड पडत, छातीत धडधड होई, आणि केवळ रस्त्याने जायचे आहे म्हणून तिने बहिणीच्या लग्नाची खरेदी, सणाला माहेरी जाणे आणि शेवटी नोकरीतील बढतीही नाकारली होती. हे सहा महिन्यांहून अधिक काळ चालले होते. असे असेल तेव्हा ‘आजची पिढी वेगळी आहे’ म्हणून गप्प बसू नये. तिथे उपचार लागतात. टाळल्याने भीती तेवढ्यापुरती शमते आणि म्हणूनच पुढच्या वेळी टाळण्याची ओढ अधिक वाढते. त्यामुळे पायरीपायरीने सामोरे जावे लागते. आम्ही उभ्या गाडीत दार उघडे ठेवून बसण्यापासून सुरुवात केली, मग दार बंद, मग इंजिन सुरू, मग सोसायटीच्या आवारात एक फेरी, आणि प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप उतरेपर्यंत थांबलो. त्यासाठी काही महिने लागले. अशा माणसाला जबरदस्तीने गाडीत कोंबून ‘एकदा झाले की भीती मोडेल’ म्हणणारे नातलग नकळत मोठे नुकसान करतात.

कोथरूडच्या मुलाचे तसे नव्हते. तो टॅक्सीत बसत होता, मित्र गाडी चालवत असताना शेजारी बसून गप्पा मारत होता, आणि गाडी न चालवल्यामुळे त्याच्या आयुष्यातून काहीही वजा झालेले नव्हते. म्हणून मी त्याला उपचार सुचवले नाहीत. तिसऱ्या भेटीला बापलेक एकत्र आले आणि त्या वेळी जे बोलणे झाले ते मुलाच्या शिकण्याबद्दल कमी आणि वडिलांच्या डोळ्यांबद्दल अधिक झाले.

दोन महिन्यांपूर्वी रात्री अकरा वाजता मुलाच्या आईच्या छातीत दुखू लागले होते. वडिलांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते आणि समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यांना पसरट दिसत होता. मुलाने टॅक्सी बोलावली. ती यायला बारा मिनिटे लागली. दुखणे पित्ताचे निघाले, पण त्या बारा मिनिटांत फाटकाशी उभे असताना, खाली पार्किंगमध्ये आपली गाडी आहे आणि ती हलवणारा कोणी नाही, हा विचार वडिलांच्या मनात रुतून बसला. “मी अजून किती वर्षे चालवणार?” एवढे बोलून ते थांबले. मुलाने ते पहिल्यांदाच ऐकले होते.

मी त्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली, आणि ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी असे मला वाटते. छातीत दुखणाऱ्या माणसाला घाबरलेल्या मुलाने किंवा नवऱ्याने गाडी चालवत नेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग नाही. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिच्यात डॉक्टर व प्राणवायूची सोय असते. तो क्रमांक फिरवणे हे पहिले काम. त्यांनी तिथेच कागदावर लिहून काढले: 108, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक, आणि सोसायटीतील असे दोन शेजारी, ज्यांना मध्यरात्रीही दार ठोठावून उठवता येईल. वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या कागदाने जेवढा उतरला, तेवढा मुलाने परवाना आणला असता तरी उतरला नसता, असे मला वाटते.

मुलाने आपणहून एक तडजोड मांडली. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकेल, वडील शेजारी बसणार नाहीत, आणि परवाना मिळाल्यावरही तो कामाला मेट्रोनेच जाईल. वडिलांनी पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य केल्या. तिसरीला त्यांना वेळ लागला. चढावरच्या त्या प्रसंगाबद्दल त्यांनी मुलाची माफी मागितली नाही, आमच्या पिढीतल्या वडिलांना ते सहज जमत नाही, पण जाताना दाराशी ते त्याला म्हणाले, “त्या दिवशी मीच घाबरलो होतो रे.”

चार महिन्यांनी वडिलांचा फोन आला. मुलाला पक्का परवाना मिळाला होता, तो रविवारी सकाळी सातच्या आधी, रस्ते मोकळे असताना, आईला शेजारी बसवून चांदणी चौकापर्यंत जाऊन येत होता, आणि बाकीचे सहा दिवस गाडी पार्किंगमध्येच उभी असे. वडिलांनी रात्री गाडी चालवणे बंद केले होते. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ते मेट्रोने गेले होते, मुलाबरोबर, आणि येताना दोघांनी रिक्षा केली.