प्रमोशनची तारीख चुकली, पेन्शन खालच्या रँकची

प्रश्न : मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. आमच्या गावात घरटी एकजण पलटणीत, नेव्हीत गेलेला मी एकटाच. १९८३ ला भरती, चिल्काला ट्रेनिंग, १५ वर्षं करून डिसेंबर १९९८ अखेर मुंबईहून पेन्शनवर आलो. फेब्रुवारी ९८ ला पेटी ऑफिसर झालो, पगार पण त्याच महिन्यापासून वाढला, पण रेकॉर्डला तारीख १ ऑगस्ट लिहिलीय आणि पेन्शन लीडिंगची, म्हणजे त्याच्या खालच्या रँकची धरलीय. हे आत्ता कळलं, मुलानं स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवरून पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढून दाखवला तेव्हा. दुरुस्तीचा अर्ज केला तर उत्तर आलं, फार उशीर झालाय, पुरावा नाही, नामंजूर. त्याला चार महिने झाले. माझ्याकडं बाहीवर दोन अँकर, म्हणजे पेटी ऑफिसरची खूण, असलेला फोटो आहे, मागं स्टुडिओचा शिक्का आणि १४ एप्रिल ९८ तारीख. परत अर्ज करू का?

उत्तर : नको, तोच अर्ज परत अजिबात करू नका. आपल्याकडची माणसं हेच करतात बघा, अर्जावर अर्ज, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. जुन्या मागणीवर नवीन अर्ज टाकला आणि त्याला उत्तर आलं म्हणून मुदत नव्यानं सुरू होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. तुमचा रस्ता आता सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. २००७ च्या कायद्याप्रमाणं शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत तिथं जायचं असतं, म्हणजे तुमच्या हातात दोनच महिने आहेत. उशीर माफ करायचा अधिकार त्यांना आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही नुसतं 'प्रमोशनची तारीख बदला' एवढंच मागितलंत तर २५ वर्षांपूर्वीचं प्रकरण म्हणून परत उशिराचंच कारण पुढं येणार. पण तुमचं खरं नुकसान दर महिन्याला होतंय की! त्या वेळी नियम असा होता की निवृत्तीच्या आधी सलग १० महिने जी रँक असेल तिची पेन्शन. फेब्रुवारी धरला तर तुमचे १० महिने भरतात, ऑगस्ट धरला तर पाचच होतात, सगळी गोम इथं आहे. म्हणून मुख्य मागणी पेन्शन दुरुस्तीची ठेवा आणि तारीख त्याचा आधार म्हणून मांडा. तरसेम सिंग प्रकरणात (२००८) १६ वर्षं उशिरा आलेल्या सैनिकाच्या पेन्शनबद्दल सुप्रीम कोर्टानं म्हटलं, ही दर महिन्याला चालू राहणारी चूक आहे, नुसत्या उशिरापायी नाकारता येत नाही. मात्र फरक मागच्या तीनच वर्षांचा दिला, तेव्हा ९८ पासूनची सगळी रक्कम मिळेल असं मनात धरू नका. त्याच निकालात हेही आहे की ज्यात दुसऱ्यांची सीनियॉरिटी हलते अशा प्रमोशनच्या मागण्या उशिरा ऐकत नाहीत. तुमच्यामुळं कुणाचा नंबर खाली जात नाही, हे वकिलांना ठळक लिहायला सांगा.

पुराव्यात फोटोपेक्षा पगार मोठा. फेब्रुवारीपासून पेटी ऑफिसरचा पगार निघाला असेल तर त्याची नोंद नेव्हीच्या पगारखात्यात, म्हणजे आयआरएलएमध्ये, असायला पाहिजे. ते उतारे आणि प्रमोशनचा आदेश याच आठवड्यात माहिती अधिकारात मागा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. उत्तर आलं नाही तरी केस थांबवू नका, कागद मागवण्याची विनंती तिथंच करता येते. घरात ९८ ची पे स्लिप, बँकेचं जुनं पासबुक काही आहे का तेही ट्रंकेत बघा, माझ्या वडिलांच्या वेळी असाच एक कागद पत्र्याच्या पेटीत तळाला सापडला होता आणि तेवढ्यावर काम झालं होतं.

कर्नाटकातल्या लोकांना कोची बेंच आहे, पण तुमची शेवटची पोस्टिंग मुंबईची, म्हणून मुंबई बेंचलाही दाखल करता येतं. बेळगावहून तेच सोयीचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अशा केसेस चालवलेल्या वकिलाचं नाव विचारा.

आणि तो फोटो मूळचा कुणालाही देऊ नका. झेरॉक्स काढताना दोन्ही बाजू काढा, शिक्क्याची बाजू हमखास राहून जाते.