घरच्या कॉम्प्रेसरच्या हवेतील पाणी काढण्यासाठी कोणता फिल्टर घ्यावा?

तुमच्या ५० लिटरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तोंडालाच तुम्ही फिल्टर बसवला आहे, तरीही थोडा वेळ रंग मारला की गनमधून पाण्याचे शिंतोडे येतात, म्हणून यापेक्षा चांगला फिल्टर कोणता आणि सँडर (हवेवर चालणारे घासायचे यंत्र) व गन एकाच लाईनवर चालतील का, असे तुम्ही विचारले आहे. नवा फिल्टर विकत घेऊ नका. जो आहे तो तेथून काढा आणि हवा गार झाल्यानंतर जेथे पोहोचते तेथे बसवा. टाकीच्या तोंडाशी कोणत्याही कंपनीचा, कितीही महाग फिल्टर लावला तरी तो तुमचे काम करणार नाही. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या युटिलिटी विभागात कॉम्प्रेसर सांभाळण्यात माझी सगळी नोकरी झाली म्हणून हे सांगतो आहे, आणि याच मुद्द्यावर माझ्या मेहुण्याशी असलेला वाद अजून मिटलेला नाही म्हणूनही सांगतो आहे.

फिल्टर पाण्याचे थेंब पकडतो, वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते. पावसाळ्यात ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. अशी आठ घनमीटर हवा १०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७ बार दाबापर्यंत, दाबली की ती जेमतेम एका घनमीटरात बसते आणि तिच्याबरोबर १९० ग्रॅमच्या आसपास पाणीही त्याच जागेत येते. आता ६० अंशाला एक घनमीटर जागेत १३० ग्रॅम वाफ राहू शकते, पण ३० अंशाला फक्त ३० ग्रॅम. सतत चालणाऱ्या लहान कॉम्प्रेसरच्या टाकीतून निघणारी हवा ६० अंश असेल, तर फिल्टर ओलांडून १३० ग्रॅम पाणी पुढे जाते आणि रबरी नळीत हवा गार होता होता त्यातील १०० ग्रॅमचे थेंब होतात. १० सीएफएम (मिनिटाला १० घनफूट) हवा ओढणारी गन एवढी हवा अर्ध्या तासात संपवते. म्हणजे अर्ध्या तासात अर्धा पेला पाणी फिल्टरच्या पुढे, नळीच्या पोटात तयार होते आणि तेथून ते गनशिवाय दुसरीकडे जाणार कोठे?

मेहुण्याचे कोल्हापूरला स्वतःचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे आणि पोचा काढण्यात किंवा लांबी (पुट्टी) ओढण्यात त्याचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही, हे आधी नमूद करतो. सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, त्यांच्या पश्चात आमच्या खेडच्या घरी आली. गणपतीआधी ती रंगून तयार व्हावी अशी घरातील सर्वांची इच्छा होती आणि मेहुणा खास त्यासाठी सामान घेऊन आला. सामानात एक मोठा, दिसायला भारदस्त फिल्टर होता. मी हवा आधी गार करण्याविषयी बोललो, तेव्हा तो म्हणाला, "दाजी, टाकीला हा लावला की विषय संपला. माझ्या गॅरेजला हाच आहे, वर्षभर एक थेंब येत नाही." वडिलांची गाडी होती, रंगारी तो होता, त्यामुळे पहिला मान त्याचा होता.

बोनेटवर प्रायमर आणि बेस कोट व्यवस्थित बसले. क्लिअर, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर, मारला तेव्हाही पृष्ठभाग आरशासारखा दिसत होता, परंतु तासाभराने उजेडात तिरके पाहिले तर एका कडेने टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोके पडलेली होती, आणि ती जेथून पुढे वाढत गेली होती ते ठिकाण पाहता गन बराच वेळ चालल्यानंतरच त्यांची सुरुवात झाली होती हे स्पष्ट होते. दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरमध्ये असे का होते हे ठाऊक असावे. त्याच्या हार्डनरमधील, म्हणजे थर कडक करणाऱ्या द्रवातील, आयसोसायनेट हे रसायन पाण्याबरोबरही प्रक्रिया करते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि सुकत आलेल्या थरातून त्याचे बुडबुडे फुटून बाहेर पडतात. मेहुण्याने दोष हार्डनरला दिला. हार्डनर जुना आहे, झाकण सैल होते, दुकानदाराने फसवले, असे बरेच काही झाले.

मी वाद घातला नाही. नळीची गन काढून तेथे नुसती हवेची फुंकणी लावली, वह्यांना घालतो तो खाकी कागद वीतभर अंतरावर धरला आणि कॉम्प्रेसर थोडा वेळ चालल्यावर हवा सोडली. कागदावर गडद ठिपके उमटले, काही ठिकाणी ओघळ आले. कागदावर ना हार्डनर होता ना थिनर.

दुसऱ्या दिवशी फ्रिज-एसीचे सामान मिळते त्या दुकानातून अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या मऊ नळीचे १५ मीटरचे वेटोळे आणले. प्लास्टिकच्या पिंपात ते अशा रीतीने बसवले की नळी वरून आत शिरून सतत उतरत खाली जाईल आणि पिंपाच्या तळाशी पाडलेल्या भोकातून बाहेर पडेल. भोक रबरी वॉशरने बंद केले आणि पिंप विहिरीच्या पाण्याने भरले. मध्ये कोठेही नळी वर चढू द्यायची नाही, कारण तशा खोलगट जागी पाणी साचते आणि मग एकदम गोळा होऊन पुढे फेकले जाते. कॉम्प्रेसरपासून वेटोळ्यापर्यंत उष्णता सोसणारी लवचिक नळी घातली, कारण कॉम्प्रेसरच्या थरथरीने तांब्याला सांध्यापाशी चीर जाते. तळातून बाहेर आलेली नळी एका उभ्या जीआय पाईपच्या मध्यावर जोडली, त्या पाईपच्या खालच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावला आणि हवा वरच्या टोकातून घेतली. त्यानंतर मेहुण्याचाच फिल्टर, मग दाब उतरवणारा रेग्युलेटर आणि मग गनची रबरी नळी. खाकी कागद पुन्हा धरला, तो कोरडा राहिला. बॉल व्हॉल्व्ह उघडला तेव्हा भुरकट पाण्याची धार लागली. तोच हार्डनर, तोच थिनर, तोच फिल्टर आणि तोच माणूस असताना टपाचा क्लिअर एकाही भोकाशिवाय उतरला. बोनेट घासून पुन्हा केले, तेही तसेच आले.

मेहुणा आजही म्हणतो की त्या दिवशी पाऊस उघडला होता म्हणून जमले, आणि त्याच्या गॅरेजला तर फिल्टरच पुरतो. पुढे कोल्हापूरला गेलो तेव्हा मी त्याची लाईन पाहिली. कॉम्प्रेसर मागच्या दाराबाहेर आहे, तेथून जीआय पाईप भिंतीच्या कडेने शेडच्या पूर्ण लांबीभर येतो आणि फिल्टर पुढच्या टोकाला, रंगाच्या खोलीशी आहे. मी पाईपला हात लावत चालत आलो. सुरुवातीला तळवा टेकवता येत नव्हता, अर्ध्या शेडपर्यंत पाईप कोमट झाला आणि फिल्टरपाशी तो भिंतीइतकाच गार होता. त्याची हवा तो पाईप गार करतो, फिल्टर फक्त तयार झालेले थेंब वेचतो. खेडला तोच फिल्टर टाकीच्या तोंडाशी लावला, तेव्हा त्याला वेचायला फारसे काही मिळालेच नाही. आमच्या युटिलिटीतही क्रम असाच ठरलेला होता: कॉम्प्रेसर, मग हवा गार करणारा आफ्टरकूलर, मग थेंब वेगळे करणारा सेपरेटर, रिसिव्हर म्हणजे हवेची टाकी आणि शेवटी उरलेली वाफ काढणारा ड्रायर. गरम हवेवर थेट फिल्टर लावलेला मला तेथे कोणी दाखवला नाही.

तेव्हा तुमच्याकडे भिंत लांब असेल तर पाईपनेच काम होईल. २५ फुटांच्या आत फिल्टर लावू नका. पाईपला कॉम्प्रेसरपासून दूर जाताना शंभराला एक असा उतार द्या, गनसाठीचा फाटा मुख्य पाईपच्या वरच्या अंगाने काढून मग खाली वळवा आणि प्रत्येक उभ्या पाईपच्या तळाशी कॉक ठेवा. जागा नसेल तर पिंप आणि वेटोळे. टाकीत दाब चढा ठेवा आणि तो गनजवळच उतरवा. ७ बारला थेंब काढून टाकलेली हवा रेग्युलेटरने २ बारवर आणली की तिची आर्द्रता सुमारे ३७ टक्क्यांवर येते, म्हणजे पुढच्या नळीत पुन्हा थेंब होण्याची भीती राहत नाही. टाकीचा खालचा कॉक रोज काम संपल्यावर उघडा. साचलेले पाणी टाकी आतून गंजवते, आणि गंजून पातळ झालेली टाकी फुटली तर जीव जाऊ शकतो.

लाईन एकच चालेल, रबरी नळ्या मात्र दोन ठेवा. सँडरला तेल लागते, रंगाला तेलाचा थेंबही चालत नाही. बाजारात फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलाची बाटली असा जो जोडसंच एफआरएल म्हणून मिळतो, तो रंगाच्या लाईनवर बसवू नका. सँडरच्या तोंडात कामाआधी टूल ऑईलचे काही थेंब घाला, पुरे. फिल्टरचा पारदर्शक प्लास्टिकचा पेला असेल तर तो थिनरने पुसू नका, त्याला तडे जातात.

सिलिका जेलच्या ड्रायरविषयी तुम्ही विचारले नाही, पण दुकानदार तो गळ्यात मारतील. गार हवेवर, सेपरेटरच्या पुढे शेवटचा टप्पा म्हणून तो उत्तम आहे. गरम आणि ओल्या हवेवर त्याचे दाणे लवकर भरतात आणि पाण्याचे थेंब थेट पडले की तडकतात. मग त्याची पूड नळीत येते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पीव्हीसीचा पाण्याचा पाईप हवेसाठी वापरू नका, कोणीही सांगितले तरी. तो फुटतो तेव्हा त्याचे धारदार तुकडे उडतात. दुसरे म्हणजे नळीतील हवा कितीही कोरडी केली तरी शेडमधील दमट हवा तशीच राहते. मुसळधार पावसात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढरट पडतो, कारण थिनर उडताना पत्रा गार होतो आणि बाहेरची वाफ त्यावर बसते. त्यावर सावकाश उडणारा थिनर आणि उघडीप एवढाच इलाज आहे. गोल खळगे पडत असतील, तर ते बहुतेक वेळा तेलाचे किंवा सिलिकॉन पॉलिशचे असतात, पाण्याचे नव्हेत, आणि तेथे हे सगळे करूनही फरक पडणार नाही. हार्डनर असलेला रंग मारताना साधे फडके बांधून उभे राहू नका, कोळशाच्या काडतुसांचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरा, शेड दोन्ही बाजूंनी उघडी ठेवा आणि या कॉम्प्रेसरची हवा, ती कितीही कोरडी झाली असली तरी, श्वास घेण्यासाठी मास्कला जोडू नका.