स्पेक्ट्रमवर सुरुवात 'आर-टाइप'ने कर

आर्केडमधले, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे खेळ झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर खेळायचे तर सुरुवात कशाने करावी, असं विचारलंस ना? मूळ आर्केड मशीनशी तुलना करायच्या नादाला इतक्यात लागू नकोस. आधी हे यंत्र समजून घे. 1982 च्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये चित्रं हलवणारी वेगळी चिप नव्हतीच, सगळा भार एकट्या झेड80 प्रोसेसरवर. त्यात 8 बाय 8 ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग. त्यामुळे नायक भिंतीजवळून गेला की भिंतीचा रंग त्याच्या अंगाला लागतो. हे टाळायला कित्येकांनी सगळा खेळच एकरंगी ठेवला. म्हणून तर प्रोग्रामर बॉब पेपचा 1988 चा 'आर-टाइप' हा अंतराळयानातून गोळीबाराचा खेळ बघच! एवढ्या अडचणीतही त्याने पडदा रंगीबेरंगी ठेवलाय. मी आजही थक्क होतो. मग 'चेस एच.क्यू.' हा पोलिसांच्या गाडीतून पाठलागाचा खेळ घे. रंग मोजकेच, पण वेग अस्सल.

एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम, खुशाल वापर, फक्त झटपट लोडिंग एकदा तरी बंद ठेव, म्हणजे खेळ मूळ कॅसेटच्या वेगाने लोड होईल. कडेला सळसळणाऱ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या बघत, तो कर्कश आवाज ऐकत चार-पाच मिनिटं थांब. जॉयस्टिक नसेल तर क्यू, ए, ओ, पी या बटणांवर बोटं बसव.