मावशीला झाला, म्हणून मला देताय का?

"मॅडम, पोरगी अजून शाळेत जाते. तिला आत्तापासून ही लस कशाला?" एचपीव्ही म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो विषाणू; त्याच्यावरच्या लशीचा विषय निघाला की आया हे हमखास विचारतात. विचारताना आवाज खाली येतो आणि मुलीला बाहेर बसायला सांगतात. मी तिला आतच बसू द्या म्हणते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी नववीतली, पंधरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिलेले. डॉक्टरांनी लस सुचवली होती, आई तयार नव्हती. या लशीने पुढे मूल राहत नाही, असं सासूबाईंनी कुठूनसं ऐकलं होतं. त्याला कसलाही आधार नाही. २००६ पासून ही लस जगभर दिली जातेय आणि त्यातून वंध्यत्व येतं असं कुठेही आढळलेलं नाही. हे आईला लगेच पटलं, तरी ती उठेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझी बहीण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली. लोक तिच्या वागण्यावर घसरले हो. हिला लस दिली की हिच्याबद्दलही तेच बोलतील."

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं. पण तो इतका सर्रास आढळतो की संसार करणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या बाईलाही होते. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो आणि पुढे अनेक वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो. २०२२ साली देशात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला, जवळपास ८० हजार दगावल्या. त्या सगळ्यांच्या चारित्र्याचा पंचनामा करायचा का? तुमच्या बहिणीचं काही चुकलं नव्हतं, असं मी म्हटल्यावर ती खूप रडली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी एकट्या मुलीशी बोलले. लोक काय म्हणतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिने विचारलं, "मावशीला झाला, म्हणून मला देताय का? मलाही होणार हे तुम्हाला कळलंय का?" पाळीत पोट दुखलं की ती त्याचीच सुरुवात समजायची. घरातलं कुजबुजणं तिच्या कानावर पडत होतं आणि उरलेलं तिने स्वतःच जुळवलं होतं. मोठ्यांनी मुलीला बाहेर बसवल्याचा हा परिणाम!

तिला सांगितलं, की हा कॅन्सर मावशीकडून तुझ्याकडे येत नाही, तो विषाणूमुळे होतो. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचासारखी प्रथिनं असतात. त्यातून लागण होऊच शकत नाही. विषाणूशी गाठ पडण्याआधी घेतली तर लस सर्वात चांगली चालते, म्हणून ९ ते १४ हे वय. स्वीडनमध्ये सतरा पूर्ण व्हायच्या आत लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी दिसलं.

"पण काकांनी पाठवलेल्या व्हिडिओत मुली मेल्या म्हणतात," ती म्हणाली. हे टाळून चालणार नव्हतं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात लसीकरणाचा प्रकल्प चालू होता. त्यातल्या सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. सर्पदंश, पाण्यात बुडणं अशी कारणं निघाली. पण एक गोष्ट खरोखर वाईट घडली होती. बऱ्याच ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, मुख्याध्यापकांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या होत्या. माझ्या मते लशीवरचा विश्वास उडायला तेच पुरेसं होतं. म्हणून कागदावर सही पालकांची असली तरी मी मुलीलाही विचारते. ती म्हणाली, "दुखेल का?" मी म्हटलं, दंड दुखेल, थोडा ताप येऊ शकतो. काही मुलींना सुईच्या धास्तीने चक्कर येते, म्हणून बसून घ्यायची आणि नंतर पंधरा मिनिटं बसून राहायचं. ती "घेते" म्हणाली.

पंधरा पूर्ण व्हायच्या आत सुरुवात झाल्याने डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस सांगितले. त्यानंतर सुरू केली असती तर तीन लागले असते. एका डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं, हे आता जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलंय. ज्या अभ्यासांतून हे पुढे आलं, त्यातल्या भारतीय अभ्यासाचं एक केंद्र आमच्याच बार्शीत होतं, हे मी आवर्जून सांगते.

आई आता अडतिशीची. तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करावी लागते, लस घेतलेल्या मुलींनाही पुढे ती चुकत नाही. आईने मुलीच्या पहिल्या डोसच्याच दिवशी स्वतःची तपासणी करून घेतली. परत निघताना मुलगी विचारत होती, "मग दादाला का नाही?" ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही देतात, असं मी सांगितलं आणि पुढच्या वेळी दादालाही घेऊन यायला सांगितलं.