पुरुष आत्महत्या जास्त का करतात, आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय: मोठा भाऊ चाळिशीत, डोक्यावर कर्ज, पिणं वाढलंय, आणि काही विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर. पुरुषांमध्येच हे जास्त का, असंही विचारलंय.

२०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात १,२२,७२४ पुरुष. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात सर्वात मोठं कारण 'कौटुंबिक समस्या'. या रकान्यावर माझा फारसा भरवसा नाही. पोलीस एकाच कारणाची नोंद करतात. कर्ज, दारू, नैराश्य आणि घरातली भांडणं एकमेकांत अडकलेली असतात, त्यातलं शेवटचं भांडण तेवढं कागदावर येतं.

पुरुषाचं नैराश्य पटकन ओळखू येत नाही, कारण तो रडत नाही, चिडतो. झोप लागत नाही, पाठ धरते, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सुरू होतात. घरचे दारू सोडवायच्या मागे लागतात आणि खालचा आजार तसाच राहतो. दारूने नैराश्य वाढतं, शिवाय मनाचा ब्रेकही सुटतो, म्हणून प्यायलेली रात्र जास्त धोक्याची. बायकोला विमा-पासबुकाचे कागद समजावून देणं, "माझ्यानंतर" अशी भाषा, किंवा बरेच दिवसांच्या तगमगीनंतर अचानक शांत होणं, हे दिसलं तर वाट बघू नका.

सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते हा गैरसमज आहे. समोरासमोर बसवून नको. गाडीवर, शेतात, चालताना, तो प्यायलेला नसताना. शब्द स्पष्ट ठेवा: "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" 'हो' आलं तर पुढचा प्रश्न: "कसं, कधी, काही ठरवलंयस का?" मग गप्प बसून ऐका. "पोरांचा विचार कर" हे वाक्य टाळा, त्याने अपराधीपणा वाढतो. "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका.

ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात न्या, रात्र असेल तर अपघात विभागात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही लावू शकता. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं आणि शिक्षेपासून वाचवतं.

घरातलं फवारणीचं औषध आजच हलवा. कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे, शक्यतो ते दुसऱ्याच घरी. जुन्या गोळ्यांचे साठेही काढा. जीव द्यायची लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते, आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. सगळ्या उपायांत हा सर्वात स्वस्त, आणि नेमका हाच राहून जातो.

कर्जाचं वेगळं बघा. देणी एका कागदावर मांडा: कोणाचं, किती, व्याज काय, तारण काय. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. लिहून घेतलेली जमीन परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. हा आकडा त्याच्या एकट्याच्या डोक्यात राहता कामा नये.

डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून त्या बंद होतात, तिथे घात होतो. सुरुवातीच्या दिवसांत अंगात हुशारी आधी येते, मन नंतर सावरतं, म्हणून त्या काळात लक्ष जास्त ठेवा. पट्टी तुमच्याकडे ठेवून रोजची गोळी हातात द्या. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.