सांगाड्यांचा १२ बॉक्सचा लॉट स्वस्तात मिळतोय, उचलू का?

तुमचं पत्र बरंच मोठं होतं, म्हणून बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही फँटसी वॉरगेमिंगसाठी (टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या काल्पनिक लढाया) प्लॅस्टिकच्या सांगाड्यांची आर्मी उभी करताय, घरी ३ बॉक्स न जोडता पडलेत, अजून ४ मिळाले की आर्मी टेबलावर उतरेल असा तुमचा अंदाज आहे. ओळखीतला एक खेळाडू छंद सोडतोय, त्याच्याकडे १२ बॉक्सचा लॉट आहे, नव्या मालाच्या ६० टक्के भावात देतोय पण सगळा एकदम उचला म्हणतोय आणि रविवारपर्यंत उत्तर पाहिजे. छंदासाठी म्हणून तुम्ही दर महिन्याला साधारण एका बॉक्सएवढे पैसे बाजूला काढता, त्यात आत्ता ३ बॉक्सचे जमलेत. उरलेले इमर्जन्सी फंडातून काढायचे, नाहीतर सगळंच कार्डावर घेऊन १२ हप्ते करायचे, असे दोन रस्ते तुम्ही लिहिलेत. आणि घरी सांगून बसलाय की ही गुंतवणूक आहे, जुने किट बंद पडतात, भाव वाढतात, हवे तेवढे ठेवू बाकीचे नंतर विकू.

माझं उत्तर लगेच सांगून टाकतो, मग कारणं. त्यातले ४ बॉक्स घ्या, १२ नको, कार्ड तर अजिबातच नको, आणि घरी तो गुंतवणूक शब्द मागे घ्या.

आता हिशोब. चलन बिलन सोडून देऊ, एका नव्या सीलबंद बॉक्सची किंमत १ धरू म्हणजे कुणालाही आपापल्या आकड्यात बसवता येईल. १२ बॉक्स ६० टक्क्यात म्हणजे ७.२. ऐकायला झकास वाटतं, ४.८ वाचले. पण तुम्ही पत्रात लॉटची जी यादी दिलीय ती मी दोनदा वाचली: ५ सीलबंद, ४ उघडलेले पण सगळं स्प्रूवरच (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला धरून येतात ती), आणि ३ जोडून अर्धवट रंगवलेले. हे तीन वेगवेगळे माल आहेत हो, आणि विकणाऱ्याने तिघांना एकच भाव लावलाय! सीलबंद बॉक्स परत विकायला काढला तर ०.७५ मिळतील असं धरू, उघडलेला स्प्रूवरचा ०.५५, आणि जोडलेला-रंगवलेला ०.३, कारण दुसऱ्याने गोंद लावलेला भाला आणि दुसऱ्याने फासलेला जाड रंग कुणालाच नको असतो, घेणारा आधी तो रंग काढत बसणार आणि त्यात निम्मे घोटे तुटणार. सांगाड्याचं दुखणंच ते, हाडं काडीएवढी बारीक. हे आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या भागात काय भाव चाललाय ते बघून बदला, पण बेरीज करून बघा: ३.७५ अधिक २.२ अधिक ०.९ म्हणजे ६.८५. तो मागतोय ७.२. म्हणजे स्वस्त वगैरे काही नाही, सेकंडहँडच्या भावाला सेकंडहँड माल, उलट थोडा वरच.

तरीही तुमची योजना चालते का ते बघू, कारण ती अगदीच टाकाऊ नाहीये. समजा १२ घेतले, स्वतःसाठी उघडलेले ४ ठेवले, बाकी ८ विकले. ३.७५ आणि ०.९ मिळून ४.६५ येतील. त्यातून पॅकिंग, कुरियर, साइटचं कमिशन, एखाद्याचं "पार्सलमध्ये तुटलं, पैसे परत द्या", हे सगळं मिळून १५ टक्के गेले धरा, म्हणजे ०.७. हातात उरले ३.९५. तुमचे ४ बॉक्स पडले ३.२५ ला, दुकानात नवे घेतले असते तर ४. म्हणजे आठ बॉक्स विकायची सगळी उठाठेव करून, फोटो काढून, लोकांच्या "लास्ट प्राइस काय" ला उत्तरं देऊन वाचले किती तर पाऊण बॉक्स. आणि हे रोख दिले तर.

कार्डावर घेतलं तर हेच गणित उलटं फिरतं. महिन्याला ३ टक्के व्याज धरलं आणि १२ हप्ते केले तर ७.२ वर जवळजवळ १.५ व्याज जातं. मग तुमचे ४ बॉक्स पडले पावणेपाचला, दुकानातल्या नव्याकोऱ्यापेक्षा महाग. मधेच माल विकून हप्ते लवकर फेडले तर व्याज कमी होईल हे खरं, पण त्यासाठी माल पटापट विकला गेला पाहिजे, आणि तो पटापट विकला जात असता तर तो माणूस तुम्हाला रविवारची मुदत कशाला देत बसला असता, स्वतःच सुटे बॉक्स विकून मोकळा झाला असता की. "नो कॉस्ट" हप्ते म्हणून काही दाखवलं तर प्रोसेसिंग फी बघा, आणि मुळात ओळखीतल्या माणसाकडून घेताना तसली स्कीम मिळतही नाही.

इमर्जन्सी फंडाचं म्हणाल तर त्याने तुम्ही बुडणार नाही. चार महिन्यांच्या खर्चाचा फंड आहे, त्यातून ४.२ बॉक्सचे पैसे काढले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण ते भरायचे कुठून? छंदाच्या पैशातूनच ना. म्हणजे महिन्याला एक या वेगाने चार-सव्वाचार महिने रंग नाही, ब्रश नाही, बेस (मूर्तीखालची छोटी बैठक) नाही, प्रायमर (रंगाआधीचा थर) नाही, समोर १२ बॉक्सची भिंत आणि त्यातलं काहीच पुढे सरकवता येत नाही. हे जमणार नाही, तुम्ही महिन्याभरात तिथूनच पुन्हा उचल कराल, मी बऱ्याच जणांचं बघितलंय.

आता त्या भाव वाढण्याच्या गोष्टीकडे येतो, कारण तुमचा सगळा इमला त्याच्यावर उभा आहे. तुम्ही टूम किंग्जचं (वॉरहॅमर फँटसी या जुन्या खेळातली सांगाड्यांची आर्मी) उदाहरण दिलंय आणि ते उदाहरण खरं आहे, फक्त अर्धंच सांगितलंय. २०१५ मध्ये गेम्स वर्कशॉप या मूर्ती बनवणाऱ्या कंपनीने जुनं वॉरहॅमर फँटसी गुंडाळलं, त्याच्या जागी एज ऑफ सिग्मार हा खेळ आणला, टूम किंग्जचे किट पुढे विक्रीतून गेले आणि मग सेकंडहँड बाजारात लोक वाटेल ते भाव सांगायला लागले. इथपर्यंत बरोबर. पण जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने द ओल्ड वर्ल्ड नावाने चौकोनी बेसचा खेळ परत आणला आणि पहिल्या झटक्यात कुठली आर्मी आणली तर टूम किंग्ज, तेच जुने प्लॅस्टिकचे सांगाडे, सोबत नवीन हाडांचा ड्रॅगन. ज्यांनी चढ्या भावात साधे पायदळाचे बॉक्स साठवून ठेवले होते त्यांचं काय झालं असेल तुम्हीच विचार करा.

यात कळीची गोष्ट साच्याची आहे. प्लॅस्टिकचे किट स्टीलच्या साच्यात इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. साचा करायला प्रचंड खर्च, पण एकदा झाला की पुढचा प्रत्येक स्प्रू अगदी कमी खर्चात निघतो, आणि साचा नीट ठेवला तर वीस वर्षांनीही चालतो, वर सांगितलेले सांगाडे त्याचाच पुरावा. म्हणजे बाजारात टंचाई आहे ती माल संपला म्हणून नाही, साचेवाल्याने मशीन चालवलं नाही म्हणून. त्याला वाटलं की उद्या चालवेल. ज्या वस्तूचा पुरवठा दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर एका दिवसात दुप्पट होऊ शकतो ती वस्तू साठवून तुम्ही भाव वाढायची वाट बघणार, याला मी गुंतवणूक म्हणत नाही. (कमाई साचेवाल्याची होते, गेम्स वर्कशॉप डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या एफटीएसई १०० निर्देशांकात जाऊन बसली. म्हणून आता तिचे शेअर घ्या असंही म्हणत नाहीये, लगेच तो प्रश्न पाठवू नका!)

जुन्या धातूच्या मूर्तींचं थोडं वेगळं असतं, लिमिटेड काढलेल्या कॅरेक्टरचंही, तिथे संग्राहक असतात. पण साधा पायदळातला सांगाडा, हातात भाला आणि ढाल, हा या छंदातला सगळ्यात सहज मिळणारा शिपाई आहे. कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही तो. मॅन्टिक कंपनीचे आहेत, वॉरगेम्स अटलांटिकच्या बॉक्समध्ये ३२ येतात, ओथमार्कच्या बॉक्समध्ये ३०. सगळे पॉलिस्टायरीनचे, एकाच प्लॅस्टिक गोंदाने जोडले जातात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर चालतं, रेजिमेंटच्या मधल्या रांगेत कुणाची कवटी कुठल्या कंपनीची हे वाकून बघितलं तरी कळत नाही. त्यात घरोघरी रेझिनच्या मूर्ती काढणारे थ्रीडी प्रिंटर आलेत, तेही भाव दाबून ठेवणारच. मग टंचाई येणार कुठून?

इथे एक मेख आहे ती तपासा. तुम्ही नक्की कुठला खेळ खेळणार हे पत्रात लिहिलंच नाहीये आणि पैशाच्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं. गेम्स वर्कशॉपच्या अधिकृत दुकानात किंवा इव्हेंटला खेळायचं असेल तर त्यांच्याच मूर्ती लागतात, तिथे ब्रँडचे जास्तीचे पैसे द्यावेच लागतील. मित्रांमध्ये किंग्ज ऑफ वॉर हा खेळ खेळणार असाल तर तिथे मेलेले सांगाडे एकेक करून काढून ठेवायचे नसतात, अख्खं युनिट (तुकडी) एकदम हरतं, त्यामुळे लोक एका मोठ्या बेसवरच कमी मूर्ती चिकटवतात, मधे एखादं थडगं, मोडकी भिंत, आणि युनिट भरलेलं दिसतं. तसं असेल तर घरचे ३ बॉक्सच बऱ्यापैकी पुरतील, अजून ४ चा अंदाजसुद्धा जास्त आहे. फ्रॉस्टग्रेव्हसारखा छोट्या टोळीचा खेळ असेल तर विषयच संपला, तिथे तुमच्या बाजूला दहाएक मूर्ती लागतात. आणि ओल्ड वर्ल्ड खेळणार असाल तर लॉटमधल्या जुन्या बॉक्सना २० मिमीचे बेस आहेत का बघा, आता पायदळातल्या सांगाड्याला २५ लागतो, म्हणजे नवे बेस नाहीतर ॲडॅप्टर ट्रे (छोटे बेस मोठ्यांच्या मापात बसवणारा), तो खर्च वेगळा. ३ जोडलेल्या बॉक्समध्ये तर मूर्ती बेसला चिकटलेल्या असणार, त्या उपटताना पाय हातात येतील.

रंगाचा खर्च मात्र सांगाड्यांना कमी, हे तुमच्या बाजूने. हाडाच्या रंगाचा स्प्रे, वर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), वाळला की ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग), ढालीला एखादा रंग, झालं. सिटाडेलच्या (गेम्स वर्कशॉपचाच रंगांचा ब्रँड) कॉन्ट्रास्ट रंगांमध्ये तर स्केलेटन हॉर्ड नावाचाच रंग आहे, एका हातात काम होतं. पण इतकं सोपं असूनही तुमचे ३ बॉक्स अजून स्प्रूवरच आहेत ना? मी टोमणा मारत नाहीये, एवढंच सांगतोय की तुमचं काम बॉक्सवाचून अडलेलं नाही, वेळेवाचून अडलंय, आणि लॉटमध्ये वेळ मिळत नाही. १२ आले तर घरात १५ होतील, त्यातले ८ विकायचे ही आठवण दर रविवारी घरातलं कुणीतरी करून देणार ते वेगळंच.

घरच्यांचं बोलायचं तर "छंदावर खर्च करतोय, ठरवलेल्या पैशात करतोय" हे वाक्य पुरेसं असतं. महिन्याला ठराविक रक्कम बाजूला काढून, ती साठवून मग खरेदी करता, ही चांगली सवय आहे आणि तिला गुंतवणुकीचा मुलामा द्यायची गरज नव्हती. मुलामा दिला की पुढच्या वर्षी "किती वाढले?" असा प्रश्न येणार, आणि तो विचारायचा त्यांना हक्कच असेल.

मग करायचं काय. आजच त्या माणसाला मेसेज टाका की मला उघडलेले ४ बॉक्स हवेत, ६० टक्क्याने २.४ होतात, पैसे लगेच देतो. मूर्ती जोडणाऱ्याला सील असलं काय नसलं काय, तुम्ही घरी आणून पहिलं ते फोडणारच, सीलचे जास्तीचे पैसे देऊ दे कुणा संग्राहकाला. तो सुटे द्यायला कुरकुरला तर ७० टक्क्यांपर्यंत जा, २.८ होतात, तुमच्या जमलेल्या ३ मध्ये बसतं आणि एखाद्या वॉशच्या बाटलीपुरते उरतात. त्यापुढे नको, कारण मग दुकानातला नवा बॉक्स आणि हा यात फारसा फरकच राहत नाही. सोबत खेळणाऱ्या दोघातिघांना विचारा, सीलबंद ५ कुणी उचलत असेल तर एकत्र जाऊन सांगा, अशाने विकणाऱ्याचा पण माल हलतो आणि तो ३ जोडलेले बॉक्स बहुतेक तुमच्या गळ्यात फुकट मारेल. फुकट मिळाले तर घ्या, तुटकी हाडं बेसवर पसरायला कामाला येतात.

पैसे द्यायच्या आधी प्रत्येक उघडलेल्या बॉक्समधल्या स्प्रूचे पुढून मागून फोटो मागवा, फ्रेम मोजा, भाल्यांची टोकं आणि धनुष्य शाबूत आहेत का बघा, आणि झेंडेवाला, शिंग फुंकणारा, म्होरक्या यांचे भाग आहेत का ते खास विचारा, कारण उघडलेल्या बॉक्समधून सगळ्यात आधी तेच कापून नेलेले असतात. आणि "सगळा घे नाहीतर राहू दे" यावरच अडून बसला तर राहू द्या, घरचे ३ जोडायला घ्या. रविवार उलटला की बहुतेक त्याचाच मेसेज येईल, नाही आला तरी सांगाडे कुठे पळून जात नाहीत.